वरून जाणारी विमानं: नागपूरच्या मिहानचं प्रकरण

दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास. या चार शहरांतून रात्री चार विमानं उडायची आणि मध्यरात्रीच्या सुमाराला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची. टपालाची पोती या विमानातून त्या विमानात जायची, आणि पहाट व्हायच्या आत चारही विमानं आपापल्या गावाकडे परत निघालेली असायची. जानेवारी १९४९ मध्ये ही रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात पोचायचं ते नागपुरात गाडी बदलून.

म्हणजे ‘मिहान’ या नागपूरच्या मालवाहू विमानतळ प्रकल्पाचं नाव कुणाला सुचायच्या पन्नास वर्षं आधी नागपुरात हब, म्हणजे चारी दिशांचा माल अदलाबदल करायचं केंद्र, चालून दाखवलेलं होतं. फक्त ते कशावर चाललं, हे नंतरच्या लोकांनी नीट पाहिलं नाही. नागपूर नकाशाच्या मधोमध आहे म्हणून जागा ठरली, हे खरं. पण विमानं उतरली ती टपाल खात्याकडे रोज रात्री चार दिशांना पाठवायची पोती होती म्हणून. गिऱ्हाईक आधीच ठरलेलं होतं, प्रश्न होता तो फक्त पोती कुठे बदलायची एवढाच.

त्याच्याही आधीची गोष्ट एम्प्रेस मिल या कापडगिरणीची. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला ती नागपुरात सुरू केली तेव्हा शहाण्या माणसांनी गिरणी मुंबईत काढायची अशी रीत होती. ते इथे आले कापूस दाराशी होता म्हणून. ती मिल २००२ मध्ये कायमची बंद पडली. त्याच वर्षी राज्य सरकारने महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी काढली. एक भोंगा थांबला आणि दुसऱ्याची तयारी सुरू झाली, असं तेव्हा आम्हा नागपूरकरांना वाटलं. पुढची वीस-बावीस वर्षं लग्नात, तेराव्यात, कुठेही चार माणसं जमली की कुणीतरी विचारणारच, मिहानचं काय झालं? हे टिपण त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा एक प्रयत्न आहे.

काय ठरलं होतं

मिहान म्हणजे मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर. नावाचा क्रम बघण्यासारखा आहे. आधी कार्गो, मग विमानतळ. मूळ आराखडा सुमारे ४,३०० हेक्टरचा. त्यात सोनेगावचा जुना विमानतळ मोठा करायचा, दुसरी धावपट्टी बांधायची, रेल्वे आणि रस्त्याचे मालतळ जोडायचे आणि शेजारी सुमारे २,००० हेक्टरवर विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे सेझ, उभं करायचं. मुख्यमंत्री विलासराव देशमुखांचा काळ, आणि कंपनीची सूत्रं बरीच वर्षं आर. सी. सिन्हा या सनदी अधिकाऱ्याकडे. दिल्लीत २००४ पासून नागरी विमान वाहतूक मंत्री होते प्रफुल्ल पटेल, म्हणजे शेजारच्या भंडारा-गोंदियाचेच. राजकीय ग्रह इतके जुळून येणं विदर्भाच्या पत्रिकेत विरळाच.

पार्श्वभूमीला होता अनुशेष, म्हणजे विकासातली मागे राहिलेली थकबाकी. १९५३ च्या नागपूर करारापासून विदर्भाला काय कबूल केलं आणि काय मिळालं याचा हिशेब इथल्या राजकारणाच्या तोंडी पाठ आहे. १९८४ च्या दांडेकर समितीने तो आकड्यांत मांडून दाखवला. उद्योगाच्या बाबतीत सरकारचं पारंपरिक औषध होतं सामूहिक प्रोत्साहन योजना. १९६४ पासून ती चालत आलेली आहे: मुंबई-पुण्यापासून तालुका जितका लांब आणि मागास, तितकी सवलत मोठी. हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींना या योजनेचा आधार होता. मिहानमध्ये सरकारने पहिल्यांदा सवलतीपेक्षा मोठी गोष्ट विकायला काढली, ती म्हणजे नागपूरची जागा. देशाच्या मध्याची खूण मानला जाणारा झिरो माईलचा दगड दाखवायचा आणि म्हणायचं, इथून कुठेही सारख्याच अंतरावर.

कार्गो

युरोपातून सिंगापूरकडे जाणारी विमानं नागपूरच्या आकाशातून जातात, हे प्रकल्पाच्या प्रत्येक सादरीकरणात असायचं. वाक्य खरं आहे. पण दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाणारं विमान खाली उतरवायला त्याच्या मालकाला काही कारण लागतं. उतरणं म्हणजे इंधन, विमानतळाचं शुल्क, वेळ. आजची लांब पल्ल्याची विमानं मध्ये थांबायची गरज पडू नये म्हणूनच बांधलेली असतात. एखाद्या गावावरून रोज पन्नास एक्सप्रेस गाड्या न थांबता जातात म्हणून त्या गावात जंक्शन होत नाही.

दुसरी अडचण मालाची. विमानाने जायला माल वजनाला हलका आणि किमतीला जड लागतो: औषधं, यंत्रांचे सुटे भाग, इलेक्ट्रॉनिक वस्तू. नागपूरच्या आसपास पिकतं आणि निघतं काय? कापूस, सोयाबीन, कोळसा, मँगनीज, तांदूळ. राहता राहिली संत्री. सुट्या सालीचं नाजूक फळ, टिकतही फार नाही, त्यामुळे विमानाने पाठवायला अगदी योग्य वाटतं. पण बागेत मिळणारा भाव आणि विमानाचं किलोमागे भाडं यांची तोंडमिळवणीच होत नाही. संत्री ट्रकने जातात, बरीचशी बांगलादेशकडे, आणि तिथे आयातशुल्क वाढलं की वरूड-काटोलच्या बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये संत्र्यांची किसान रेल नागपूरहून दिल्लीला निघाली, त्याचंही इथे अप्रूप होतं. विमान फार दूरची गोष्ट.

तिसरी गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. जगातला निम्म्याच्या आसपास हवाई माल मालवाहू विमानांतून जातच नाही, तो प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. म्हणून जिथे परदेशी प्रवासी फेऱ्या भरपूर, तिथे कार्गो आपोआप जमतो. नागपूरहून परदेशी नियमित सेवा म्हणजे शारजा आणि दोहा. मुंबईच्या तुलनेत हे पोट केवढंसं, ते सांगायला नको.

तरीही कल्पना तपासून पाहायला एक माणूस पुढे आला. कॅप्टन गोपीनाथ. स्वस्त विमानप्रवास भारतात रुजवणाऱ्या या माणसाने २००९ मध्ये डेक्कन ३६० ही मालवाहू विमानसेवा काढली आणि तिचं हब नागपूरला ठेवलं. योजना जवळजवळ १९४९ चीच: रात्री सगळ्या दिशांनी विमानं नागपुरात, मालाची अदलाबदल, पहाटे परत. दोनेक वर्षांत सेवा बंद पडली. मला मिहानच्या सगळ्या इतिहासात हा भाग सगळ्यात बोलका वाटतो, कारण नकाशा तोच होता, विमानतळ तोच होता, वेळापत्रकही तेच. फरक एवढाच की १९४९ मध्ये विमानं भरायला एक हमखास गिऱ्हाईक होतं, आणि २००९ मध्ये विमानं आधी आली, पोती मागाहून गोळा करायची होती. अमेरिकेतलं मेम्फिस हे नेहमीचं उदाहरण दिलं जातं. तिथेही १९७३ मध्ये फेडएक्सने स्वतःच्या कुरियरचं काम घेऊन तळ टाकला. मेम्फिसच्या नगरपालिकेने आधी हब बांधून कुरियर कंपनीची वाट पाहिली नव्हती.

जमीन घेणारे

कार्गोची विमानं येईनात, पण सेझच्या जमिनीला मात्र गिऱ्हाईक होतं. २००५ चा सेझ कायदा नुकताच झाला होता. निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षं आयकर पूर्ण माफ, पुढची पाच निम्मा, यंत्रसामग्रीवर आयातशुल्क नाही. देशभर सेझची लाट होती आणि मिहान त्या लाटेवर होतं. माहिती तंत्रज्ञानातल्या मोठ्या कंपन्यांनी एकरांवर एकर घेतले. सत्यमनेही घेतले. जानेवारी २००९ मध्ये तिचा घोटाळा बाहेर आला आणि ती जमीन कंपनीसकट टेक महिंद्राकडे गेली.

मग २०११ च्या अर्थसंकल्पाने सेझमधल्या कंपन्यांनाही किमान पर्यायी कर, म्हणजे करमाफी असली तरी नफ्यावर भरावाच लागणारा कर, लावला. दर साडेअठरा टक्के. म्हणजे ‘दहा वर्षं करसवलत’ ही जाहिरात पाच-सहा वर्षांतच अर्धी खोटी ठरली. देशातल्या कितीतरी सेझमधून कंपन्यांनी पाय मागे घेतला. नागपूरला त्याची झळ जास्त लागली, कारण चेन्नई किंवा पुण्याच्या सेझमध्ये करसवलत गेली तरी बाजार, बंदर, माणसं होतीच. इथे सवलत हेच मुख्य आकर्षण होतं.

त्यात विजेची गोष्ट. मिहानच्या आतच २४६ मेगावॉटचं खासगी वीज केंद्र उभं राहिलं. स्वस्त आणि अखंड वीज हे सेझचं एक मोठं आश्वासन होतं. ते केंद्र काही वर्षांतच थंड पडलं. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, सगळी औष्णिक वीज केंद्रांची, राखेची धनी गावं आमच्या अंगणात, आणि उद्योगाला महाग वीज नको असेल तर त्याने छत्तीसगडला जावं, अशी अवस्था. २०१६ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना राज्याने वीजदरात सवलत दिली, ती या ओरडीमुळेच.

या काळातली मिहानची जमीन मला आठवते ती तारेच्या कुंपणाची. वर्धा रोडवरून जामठ्याला क्रिकेटचा सामना बघायला जाताना दोन्ही बाजूंना गवत, कुंपण आणि कंपनीच्या नावाची पाटी. भाडेपट्ट्याच्या करारात बांधकामाची मुदत असते, पण मुदतवाढही असते. जमिनीचे भाव चढत असताना नुसती पाटी लावून बसणं हाही एक धंदाच होता. सरकारला वाटपाचे आकडे जाहीर करता येत होते, कंपनीला जमीन धरून ठेवता येत होती, आणि दोघांपैकी कुणालाच घाई नव्हती.

अन्याय नको म्हणून सांगतो, सेझमुळे काहीच आलं नाही असं नाही. लुपिनचा औषधांचा कारखाना इथे आहे आणि अमेरिकी औषध प्रशासनाचे निरीक्षक तिथे तपासणीला येतात. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल उशिरा का होईना सुरू झाल्या. मार्च २०१९ मध्ये मेट्रो खापरीपर्यंत आली आणि आता सकाळच्या गाडीत गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं-पोरी दिसतात. दहा वर्षांपूर्वी हीच मुलं दिवाळीला ट्रॅव्हल्सचं दुप्पट-तिप्पट भाडं मोजून पुण्याहून घरी यायची. अजूनही बरीच येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली अजनी-पुणे वंदे भारत त्यांच्याच जिवावर चालते.

हँगर

आता प्रकरणाचा मला महत्त्वाचा वाटणारा भाग.

२००५-०६ मध्ये एअर इंडियाने बोइंगकडून ६८ विमानं घ्यायचं ठरवलं. एवढी मोठी खरेदी करताना सरकारने अट घातली: काही गुंतवणूक भारतात करा. बोइंगने सुमारे १० कोटी डॉलरचं विमान देखभाल-दुरुस्ती केंद्र बांधून द्यायचं कबूल केलं, आणि ते नागपूरला आलं. हँगर उभे राहत आले तरी त्यांना धावपट्टीशी जोडणारा टॅक्सी-वे रखडला होता. विमान दुरुस्त करायची सोय झाली, पण विमान तिथपर्यंत आणायची वाट नव्हती! ती वाट करायची जबाबदारी सरकारी बाजूची. शेवटी २०१५ मध्ये केंद्र सुरू झालं.

त्याच बोइंगच्या साखळीतून टाटांची टाल मॅन्युफॅक्चरिंग इथे आली. ड्रीमलायनर विमानाच्या प्रवासी केबिनखालच्या तक्तपोशीला आधार देणाऱ्या संमिश्र धाग्यांच्या तुळया, ज्यांना तिथले लोक फ्लोअर बीम म्हणतात, त्या मिहानमध्ये बनल्या आणि अमेरिकेला गेल्या. म्हणजे जगभर उडणाऱ्या त्या विमानांत प्रवाशांच्या पायाखाली नागपूर आहे. ही गोष्ट शहरात किती जणांना ठाऊक असेल, शंकाच आहे. आम्ही हब कुठे आहे म्हणून वर आभाळात बघत बसलो.

मग राफेल. सप्टेंबर २०१६ मध्ये फ्रान्सशी ३६ लढाऊ विमानांचा करार झाला. त्यातल्या ऑफसेटच्या, म्हणजे किमतीचा काही वाटा भारतात खर्च करायच्या अटीतून राफेल बनवणारी दसॉ कंपनी आणि अनिल अंबानींचा रिलायन्स समूह एकत्र आले आणि २७ ऑक्टोबर २०१७ ला मिहानमध्ये कारखान्याची पायाभरणी झाली. त्या करारावर देशात काय रणकंदन झालं ते सर्वांना माहीत आहे, त्यात मी पडत नाही. इथे मुद्दा एवढाच की कारखाना झाला, फाल्कन २००० या छोट्या जेट विमानाचा पुढचा भाग इथे जुळवला जाऊ लागला, आणि काम वाढत गेलं. इंडामेर या विमान दुरुस्तीच्या कंपनीच्या हँगरमध्ये इंडिगोची विमानं दुरुस्तीला येऊ लागली. २०२५ मध्ये अदानी समूहाने ती कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर केलं.

या सगळ्यांत समान काय? यातली मोठी कामं कुणाच्या तरी खरेदीच्या दोरीने बांधलेली आली. एअर इंडियाची खरेदी, हवाई दलाची खरेदी, बोइंगची स्वतःची मागणी. खरेदीच्या करारात मालाचं वर्णन असतं, संख्या असते, तारीख असते आणि उशीर झाला तर दंड असतो. जमीन वाटपाच्या पत्रात यातलं काही नसतं, असतात फक्त एकर. सरकारने मिहानसाठी वीस वर्षं जी मेहनत घेतली ती बहुतेक एकर वाटण्यात गेली. आणि जे उद्योग खरोखर उभे राहिले त्यांतले बरेच सरकारच्याच दुसऱ्या खिशातून, खरेदीच्या खिशातून आले. एका हाताने काय होतंय ते दुसऱ्याने कधी मोजलंच नाही.

वडोदऱ्याला गेलेलं विमान

म्हणून ऑक्टोबर २०२२ ची जखम जास्त खोल होती. सप्टेंबर २०२१ मध्ये हवाई दलासाठी ५६ सी-२९५ वाहतूक विमानांचा करार झाला. किंमत सुमारे २१,९३५ कोटी. त्यातली ४० विमानं टाटा आणि एअरबस भारतात बांधणार. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्याचे उद्योगमंत्री उदय सामंत यांनी हा प्रकल्प मिहानला येईल असं जाहीरपणे सांगितलं. पुढच्याच महिन्यात वडोदरा ठरल्याची बातमी आली आणि ३० ऑक्टोबरला तिथे पायाभरणीही झाली. वेदांत-फॉक्सकॉनचा चिप कारखाना गुजरातला गेल्याला जेमतेम दीड महिना झाला होता. मग नेहमीचा खेळ. सत्ताधारी म्हणाले, निर्णय आधीच्या सरकारच्या काळातच झाला. विरोधक म्हणाले, तुम्ही दिल्लीपुढे वाकलात.

दोघांचं भांडण ऐकताना एक साधा प्रश्न राहून गेला. करार झाल्यापासून वडोदरा ठरेपर्यंतच्या वर्षभरात कंपनीला नागपुरात नेमकं काय देऊ केलं होतं? सी-२९५ हे वाहतुकीचं विमान. त्याच्या कारखान्याला लागते थेट धावपट्टीला लागून जागा आणि उड्डाण चाचण्यांसाठी मोकळी, भरवशाची धावपट्टी. सोनेगावची धावपट्टी ३,२०० मीटरची, एकुलती एक, प्रवासी विमानं आणि हवाई दल यांच्यात वाटलेली. दुसरी धावपट्टी २००० च्या दशकापासून आराखड्यात आहे. तिच्या वाटेत हवाई दलाच्या जमिनीची अदलाबदल वर्षानुवर्षं अडकून राहिली. मी वडोदऱ्याचा वकील नाही. पण नागपूरने हा प्रकल्प राजकारणात गमावला असं म्हणताना धावपट्टीकडेही एकदा पाहायला हवं.

विमानतळाचा तिढा

ती धावपट्टी ज्याने बांधायची तो माणूसच ठरत नव्हता. विमानतळ चालवायला २००९ मध्ये मिहान इंडिया ही संयुक्त कंपनी झाली. तिच्यात राज्याच्या कंपनीचे ५१ टक्के आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे ४९. पुढे खासगीकरणाच्या निविदेत जीएमआर या विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने उत्पन्नातला ५.७६ टक्के वाटा देऊ केला, वाटाघाटीत तो १४.४९ टक्क्यांवर गेला, कंपनीची निवड झाली, आणि मार्च २०२० मध्ये सरकारने निविदाच रद्द केली. ऑगस्ट २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ते रद्द करणं बेकायदा ठरवलं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. शेवटचा कायदेशीर अडसर सप्टेंबर २०२४ मध्ये दूर झाला आणि ऑक्टोबरात पंतप्रधानांनी सुमारे ७,००० कोटींच्या विस्ताराची पायाभरणी दूरदृश्य प्रणालीने केली. उत्पन्नाचा वाटा कमी वाटला हे सरकारचं म्हणणं एकवेळ मान्य करू. पण साडेचार वर्षं गेली, आणि त्याच साडेचार वर्षांत सी-२९५ गेलं.

शिवणगाव

गुंतवणूकदारांना दाखवलेल्या नकाशांत काही नावं लहान अक्षरांत असतात. शिवणगाव, चिंचभुवन, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, खापरी. जमिनी १८९४ च्या जुन्या कायद्याने घेतल्या गेल्या. मोबदल्याचा दर आणि नंतर त्याच जमिनीला आलेला भाव यांतलं अंतर बघून लोक पुन्हा पुन्हा रस्त्यावर आले. मागण्या साध्या होत्या: वाढीव मोबदला, विकसित भूखंड, घरटी एक नोकरी. नोकरीचा मुद्दा सगळ्यात अवघड निघाला, कारण ज्या कंपन्या आल्या त्यांना हव्या होत्या अभियंते किंवा विमान तंत्रज्ञ. ज्याची ओलिताची वावरं गेली त्याच्या पोराला मिळाली ती फाटकावरची सुरक्षारक्षकाची ड्युटी, तीही कंत्राटी. शिवणगावचं पुनर्वसन इतकी वर्षं लांबलं की जमीन गेली तेव्हा शाळेत असलेली पोरं आता मोर्चात आपल्या पोरांना घेऊन येतात. दुसऱ्या धावपट्टीची जागा मोकळी होणं आणि शिवणगावचा प्रश्न सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं कुणी समजू नये.

जे कुणी मागितलंच नव्हतं

गंमत अशी, की मिहानच्या हद्दीत आज जे सगळ्यांना दिसतं त्यातलं बरंचसं उद्योग नाहीच. एम्स आहे, २०१८ मध्ये त्याचं वैद्यकीय शिक्षण सुरू झालं आणि ११ डिसेंबर २०२२ ला इमारतीचं रीतसर उद्घाटन झालं. दहेगावला आयआयएम आहे. सेझसाठी काढलेल्या जमिनीचा मोठा तुकडा पुढे सेझबाहेर काढला गेला, त्यावर ही मंडळी आली. एम्समध्ये यवतमाळहून, बैतूलहून, बालाघाटहून रुग्ण येतात. बाहेरची चहाची टपरी, मेस, भाड्याच्या खोल्या यांचा धंदा सेझच्या फाटकापेक्षा जोरात आहे.

पतंजलीच्या फूड पार्कचंही इथेच सांगायला हवं. २३० एकर, एकरी २५ लाखांनी, सेझबाहेर. पायाभरणी सप्टेंबर २०१६, उद्घाटन ९ मार्च २०२५. दिवसाला ८०० टन संत्री पिळायची क्षमता सांगतात. साडेआठ वर्षं लागली यावर बोलून झालं आहे. माझी शंका पुढची आहे. आंबिया बहाराचा माल ऑक्टोबर ते डिसेंबर येतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चच्या पुढेमागे. उरलेल्या महिन्यांत एवढं मोठं यंत्र काय पिळणार, आणि बारीक, डागी माल त्याला कोणत्या भावाने हवा, यावर बागायतदाराचा फायदा ठरणार. खरेदीचा लेखी करार बागायतदाराच्या हातात पडला, तर २३० एकरांची किंमत वसूल झाली म्हणेन.

आणि शेवटी ती मध्यवर्ती जागा. ती खरोखर कामाला आली, पण विमानांच्या नव्हे, ट्रकांच्या. जुलै २०१७ च्या आधी केंद्रीय विक्रीकर टाळायला कंपन्या प्रत्येक राज्यात एक गोदाम ठेवायच्या. जीएसटीने ते कारणच संपवलं. मग चार-पाच राज्यांना एकाच ठिकाणाहून माल पुरवायचा तर गोदाम कुठे बांधायचं, याचं उत्तर झिरो माईलच्या दगडाने दिलं. वर्धा रोडला, बुटीबोरीकडे, भंडारा रोडला निळ्या पत्र्यांची लांबच लांब गोदामं उभी राहिली. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत आणि जून २०२५ मध्ये ठाण्यापर्यंत, पूर्ण ७०१ किलोमीटर, खुला झाला. कुठलंही सादरीकरण न करता, एका करबदलाने, नागपूर खरंच कार्गो हब झालं. ते मिहानच्या हिशेबात धरायचं की नाही, यावर मी माझ्या मित्रांशी अजून भांडतो. माझं मत, धरू नये. गोदामात काम करणाऱ्या पोराला मिळतो तो बारा तासांचा कंत्राटी रोज, आणि फ्लोअर बीम बनवणाऱ्याला मिळतं ते कसब.

पुढे काय बघायचं

जून २०२५ मध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात दसॉ आणि रिलायन्सने जाहीर केलं की फाल्कन २००० हे संपूर्ण विमान नागपुरात जुळवलं जाईल. फ्रान्सबाहेर पहिल्यांदाच. पहिलं विमान २०२८ पर्यंत तयार व्हायचं आहे. मिहानने अशा तारखा पुष्कळ ऐकल्या आहेत, म्हणून लोक हसतात. माझ्या मते ही तारीख थोडी वेगळी आहे, कारण ती कुठल्या मंत्र्याने भूमिपूजनात दिलेली नाही. ती बनवणाऱ्याने विमान घेणाऱ्या बाजाराला दिलेली आहे, आणि विमान घेणारी माणसं मुदतवाढ देत नाहीत, ती दुसऱ्या कंपनीकडे जातात. राज्याच्या वाट्याला यात एकच काम आहे: तोवर त्या विमानाला उडायला धावपट्टी मोकळी ठेवणं. सोनेगावला ती अजून एकच आहे.